संडासाची चाबी

जेवताना वाचत असाल तर हे बाजूला ठेवा. हात धुऊन, आवरून मग घ्या. यात रक्त आहे, गू आहे आणि माणसं आहेत. मला तिन्हींची किळस आली, आणि खरं सांगू का, सगळ्यात कमी रक्ताची आली.

मी सुजाता. घर सेलूला. बाबा शाळेत मास्तर होते, आता रिटायर. मी विकेटकीपर. महिलांच्या सीनियर संघात स्टंपमागे बरीच वर्षं काढली आणि त्या खेळावरच वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. लग्न केलं नाही. मला गुदाशयाचा कॅन्सर झाला, म्हणजे संडासच्या जागेचा. पेपरात 'पोटाचा विकार' असं छापून आलं होतं. खालच्या जागेचं नाव घ्यायला आपल्याकडे सगळ्यांनाच लाज वाटते. त्या लाजेपायी मी मरता मरता राहिले, म्हणून मी नाव घेऊनच लिहिणार आहे. ज्यांना वाचवत नसेल त्यांनी उठावं.

पाणी कमी पेजो

शाळेत असताना पहिल्यांदा बाहेरगावी मॅचला निघाले तेव्हा आईने डबा हातात दिला आणि म्हणाली, "पाणी कमी पेजो वं माय. बाहेर सोय नसते." क्रिकेटमधला मला मिळालेला हा पहिला सल्ला. बॅट कशी धरायची ते नंतर शिकले.

मुलींच्या मॅचेस ज्या मैदानांवर होतात तिथे संडास एक तर नसतोच, आणि असला तर त्याला कुलूप असतं. चाबी कोणाजवळ? साहेबांजवळ. साहेब कुठे? येऊन राह्यले. वर्ध्याच्या ज्या मैदानावर मी सगळ्यात जास्त खेळले, तिथे महिलांच्या संडासात चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या आणि गुंडाळलेली मॅट कोंबलेली असायची. तिथले सचिव साहेब भेटले की हसून म्हणायचे, "दोन मिनिटं थांबा मॅडम, चाबी आणतो." माझं अख्खं करिअर त्या दोन मिनिटांत गेलं. झाडामागे जावं तर बाजूला पोट्टे मोटरसायकलींवर बसून मॅच बघत असायचे, आणि मॅचपेक्षा त्यांचं लक्ष कुठे असायचं ते सांगायला नको.

म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग दिवसभर चूळ भरायची आणि थुंकायची. एप्रिल-मे मधलं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. मोना आमची ऑफस्पिनर, अल्लीपूरची, माझ्याच वयाची, तोंडाने फाटकी. ती म्हणायची, "उंट बरा वं. त्याले देवानं पाठीवर टाकी तरी देल्ली."

कीपरचे हाल वेगळेच. प्रत्येक बॉलला उकिडवं बसायचं, उठायचं, परत बसायचं. संध्याकाळपर्यंत अंगातलं सगळं पाणी ग्लोव्हजमध्ये गेलेलं असायचं. घरी येऊन संडासला बसले की दगड. डोळ्यांतून पाणी यायचं आणि खालून रक्त. टीममधल्या सगळ्याच मुलींना हे कधी ना कधी व्हायचं, त्यामुळे रक्ताचं कोणाला काही वाटत नव्हतं.

कीपरची बिमारी

मग रक्त वाढलं. आता ते कडक झाल्यामुळे येत नव्हतं, उगाच येत होतं, शेंबडासारखं काहीतरी सोबत घेऊन. सारखं वाटायचं की जायचं आहे, आणि गेलं तर काही नाही. मोनाला सांगितलं. ती म्हणाली, "मूळव्याध होय ते. कीपरची बिमारी. तुह्याआधीच्या कीपरले बी होती." आमचे कोच म्हणाले, गरम पाण्याच्या टबात बसत जा. आईने सुरणाची भाजी सुरू केली. एकाच घरात, एकाच टीममध्ये इतक्या लोकांचं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सेलूच्या बाजारात एकाची पाटी होती, 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन'. आई मला तिथे घेऊन गेली. आत एक पडदा, एक टेबल आणि कोपऱ्यात पिकदाणी. तो तंबाखूचा खर्रा चघळत बसला होता. त्याने मला तपासलं नाही. "बाई माणूस आहे, पाहाची गरज नाई, मले चेहऱ्यावरून समजते," म्हणाला आणि पिकदाणीत थुंकून त्याच बोटांनी चूर्णाच्या पुड्या बांधायला लागला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "किती सभ्य माणूस आहे, नाई?" ते चूर्ण मी दोन सीझन खाल्लं. आजही त्या पुडीचा कागद आठवला तरी घशाशी येतं.

या काळात माझं वजन उतरत गेलं. कोचने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. "सुजाताले पाहा, किती फिट झाली! स्टंपिंग करते तर हात दिसत नाई." खरंच ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कीपिंग होतं. मी आतून सडत होते आणि पोरी मला डाएट विचारत होत्या.

तो दिवस

एक दिवस नेटमध्ये बसले आणि उठलेच नाही. शुद्धीवर आले तर मोनाच्या स्कुटीवर मधे होते, मागून एका मुलीने धरलेलं. मोनाने सेलूला नेलं नाही, सरळ जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात घातलं.

तिथल्या डॉक्टरने पडदा ओढला, हातमोजा घातला आणि बोटाने तपासलं. बास. इतकी वर्षं जे कोणी केलं नाही ते एका बोटाचं काम होतं. बोट आत गेलं आणि त्याचं बोलणं थांबलं. मी कीपर आहे, बॅट्समनचा चेहरा वाचायची मला सवय आहे. मला तेव्हाच कळलं. नंतर नळी, कॅमेरा, तुकडा, हे सगळं नुसतं नाव कळायला झालं.

रिपोर्टच्या दिवशी बाबा सोबत होते. डॉक्टर बाबांशीच बोलायला लागला, जणू मी बाजूला ठेवलेली पिशवी. मी म्हणाले, "रोग मला झालाय, माझ्याकडे बघून बोला." मग त्याने सांगितलं. आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि औषधं, मग ऑपरेशन. जागा इतकी खाली आहे की ती पूर्ण काढून कायमची शिवून टाकावी लागेल. संडास पोटावरच्या छिद्रातून पिशवीत होईल, जन्मभर. शेकामुळे पाळी जाईल, मूल होणार नाही. हे शेवटचं त्याने इतक्या भरभर सांगितलं की बाबांना ऐकूच आलं नसावं. मला आलं.

मी आधी एवढंच विचारलं, "मला उकिडवं बसता येईल का?"

त्याने कागदावरून मान वर केली. "नोकरी कारकुनाची ना तुमची? खुर्चीवर बसाल की आरामात."

"मी कीपर आहे."

"ते आता विसरा, ताई. जिवाचं पाहा."

पाणी न पिल्यानं हे झालं का, असंही मी विचारलं. नाही म्हणाला. पाण्याचा आणि कॅन्सरचा संबंध नाही, पण त्या रोजच्या रक्तामागे हे रक्त लपलं. तुम्ही लोकांनी फार उशीर केला, हे त्याने दोनदा सांगितलं. तुम्ही लोक म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. बाहेर सायकल स्टँडपाशी बाबा चष्मा पुसत उभे होते, आणि तो किती वेळ पुसावा याला काही मर्यादाच नव्हती.

त्या दिवसापासून माझं सगळं त्या एका प्रश्नावर अडकलं. जगेन की नाही हा प्रश्न लोक माझ्या वतीने विचारतच होते. मला स्टंपमागे परत बसायचं होतं.

पाव्हणी

शेक आणि औषधं नागपूरला घेतली. त्याबद्दल एवढंच सांगते की औषधांनी तोंड आतून सोलून निघालं आणि वरणाचं पाणीसुद्धा तिखट लागायचं. मग ऑपरेशन झालं.

वॉर्डात सकाळ फिनाईलच्या वासाने व्हायची. झाडूवाली, मग सिस्टर, मग शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. प्रत्येक जण विचारायचा, "गॅस पास झाला?" ज्या घरात आम्ही पादणं हा शब्द उच्चारला नाही, त्या घरातली मी, आणि माझ्या पादण्याची दहा माणसं वाट बघत होती. खाली टाके, बसता येत नाही. पाठीवर झोपून पंख्यावरची जळमटं बघायची.

ड्रेसिंग काढलं तेव्हा पोटावरचं ते पहिल्यांदा पाहिलं. लाल, ओलं, ओठ उलटा केल्यासारखं, आणि ते हलत होतं. मी बाजूच्या ट्रेमध्ये ओकले. पिशवी भरली की मी डोळे मिटून घ्यायची आणि सिस्टरला हाक मारायची. दोन दिवस तिने केलं, तिसऱ्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी काही तुमच्या घरी राहायला येणार नाही. हात लावा." मी नाही लावला. वास सगळ्या वॉर्डात पसरला, तरी मी हात लावला नाही.

बाजूच्या खाटेवर आष्टीच्या शांताबाई होत्या. साठी उलटलेली बाई, पिशवी लागून बरीच वर्षं झालेली, या वेळी दुसऱ्याच दुखण्याने आलेल्या. त्या खाटेवरून उतरल्या, माझ्याजवळ आल्या आणि स्वतःचं पातळ वर करून आपली पिशवी दाखवली.

"हे पाह्य. हे माही पाव्हणी. हिले वेळकाळ काही समजत नाई. जेवाले बसलं का येते, पंगतीत येते, मयतीत बी येते. आली तर हाकलता येते का? तिचं पाहाच लागते."

मग त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या हाताखाली ठेवला आणि माझी पिशवी रिकामी करायला लावली. कोमट पाणी, कापूस, कडा कोरड्या करायच्या, नवी चिकटवायची, वरून तळहात दाबून ऊब द्यायची म्हणजे धरते. झाल्यावर साबणाने हात धुतले आणि संत्रं सोलून अर्धं मला दिलं. त्याच हातांनी. मी खाल्लं. संपूर्ण आजारपणात मला जे जे मिळालं त्यात ते अर्धं संत्रं मी सगळ्यात वर ठेवते.

भेटायला येणारे

आता माणसांकडे येते.

आजारी माणसाला भेटायला जाणं हा आपल्याकडे कार्यक्रम असतो. घरी आणल्यावर रीघ लागली. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, नाकाला पदर लावून बसायचं आणि मी दिसले की पदर काढून हसायचं. एक मावशी तर विचारू लागली, "आता तिकडून येते का वं? दाखव ना मले." मी कपडा वर केला. "माय वो!" करून ती उठली आणि चहा न घेता गेली. नंतर तिनेच गावभर सांगितलं की पोरीला तोंडाने बोलता येत नाही.

दुसरी एक नातेवाईक आईच्या कानात बोलायची, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "लगन आधीच लावून देल्लं असतं तर नवऱ्यानं पाह्यलं असतं." एक काका आले, त्यांनी समजावलं की उड्या मारल्यामुळे बायकांच्या पोटातलं सरकतं, हा त्याचाच प्रकार. एकाने गोमूत्राची बाटली आणून दिली. मी ती बेसिनमध्ये ओतली, तर आई तीन दिवस बोलली नाही.

आणि सगळे म्हणायचे, "तू तर खेळाडू आहेस, फायटर आहेस." याची मला सगळ्यात जास्त शिसारी आली. कॅन्सर म्हणजे मॅच नाही हो. मॅचला टी ब्रेक असतो.

देवघर

आईबद्दल लिहिताना हात अडतो, पण लिहिते.

तिने माझी बादली वेगळी केली, मग टॉवेल वेगळा, आणि मग मागच्या खोलीत खाट टाकून दिली. मी म्हटलं, इन्फेक्शनसाठी असेल. चालायला लागल्यावर एक दिवस मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेले. देवघर तिथेच, कोनाड्यात. आई पूजेची भांडी घासत होती. तिने हात आडवा केला.

"अंदर नको येऊ."

"काऊन?"

"पोटावर घेऊन फिरतेस वं ते. देव आहे इथी."

मला राग आला. मी म्हणाले, "आई, ते सगळ्यांच्याच पोटात असतं. तुझ्याही आहे, आत्ता, या घडीला. माझं दिसतं एवढंच."

"दिसते म्हणूनच म्हणून राह्यली ना मी!" आई ओरडली आणि मग रडायला लागली. "मले नाई जमत, सुजे. मी का करू? मले उलटी येते. माह्या पोटची पोर आणि मले उलटी येते."

हीच आई रोज पहाटे उठून माझे खराब कपडे स्वतः धुवायची, मोलकरणीला हात लावू द्यायची नाही. नळाखाली धरून, तोंड फिरवून, पण धुवायची. मी तिला माफ केलं वगैरे काही नाही. आजही ती मला कोनाड्याजवळ येऊ देत नाही, आणि आजही कपडे तीच धुते. दोन्ही चालू आहे.

बाबांचं पॅड

खालचा घाव भरायला फार वेळ लागला. भरला असं वाटायचं आणि परत चिघळायचा. मी मागच्या खोलीत खिडकीचा गज धरून उकिडवं बसायचा प्रयत्न करायची. सुरुवातीला गुडघे अर्धे वाकले की खालून कोणीतरी ब्लेड ओढल्यासारखं व्हायचं. शेकाने मांड्या आखडल्या होत्या. दार लावून घ्यायची, कारण आईने पाहिलं तर "टाके तुटतीन" म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं.

बाबा एकदा दार ढकलून आले, मला गजाला लटकलेली पाहिली आणि परत गेले. संध्याकाळी माझ्या किटमधून जुनं मांडीचं पॅड घेऊन अंगणात बसले. मधोमध वाटीएवढं भोक पाडलं, कडेने फोमची जाड गोल कड शिवली, दाभणाने, आणि मागे रुंद पट्टा लावला. मला आणून दिलं.

"बॉल लागला तर पिशवीवर नाई लागणार. पाहून घे."

मी बांधून पाहिलं. एकदम बरोबर बसलं. बाबांनी माप कधी घेतलं, मला माहीत नाही. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला वाटतं मी बसेन?" तर म्हणाले, "बसशील तं हे लागंल. नाई बसशील तं राहू दे तसंच," आणि दाभण ठेवायला गेले.

एक दिवस मी गज सोडला. पूर्ण खाली, टाचा जमिनीला, हात पुढे. दुखलं, पण बसले. खोलीत कोणी नव्हतं. मी तशीच बसून राहिले आणि पिशवीत पाव्हणी आली. तिला खरंच वेळकाळ कळत नाही. मी हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना.

डॉक्टरकडे गेले. आता तिथे दुसरी डॉक्टर होती, तरुण मुलगी. तिने तपासलं, पट्टा बांधूनच खेळा म्हणाली, आणि सांगितलं की पाणी भरपूर प्या, अजिबात कडक होऊ देऊ नका, कडक झालं तर तुमचे हाल होतील. मी मान डोलावली.

सत्कार

सीनियर संघाने नवी कीपर घेतली होती, चांगली आहे ती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. जिल्ह्याच्या संघात मोना कॅप्टन होती. तिने माझं नाव टाकलं. निवड समितीत कोणी कुरकुरलं तेव्हा म्हणाली, "तिच्या पिशवीचं ओझं तुमाले नाई उचलाचं." मॅच वर्ध्याच्याच मैदानावर.

सकाळी निघताना आईने डबा दिला. "पाणी कमी पेजो वं माय," सवयीने म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या काही लक्षात आलं नाही.

मॅचआधी सत्कार होता. मंडप, लाल खुर्च्या, पाहुणे. सचिव साहेबांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "या रणरागिणीनं कॅन्सरले क्लीन बोल्ड केलं!" टाळ्या. मला आधी सांगायचं होतं की कीपर बोल्ड करत नाही. शाल काढून मी मैदानात गेले, बाबांचं पॅड बांधलं आणि स्टंपमागे बसले.

बसले हो. आणखी काय लिहू? घाव ओढत होता, ऊन डोक्यावर होतं, आणि मोनाचा पहिला बॉल ग्लोव्हजमध्ये आला तेव्हा तो आवाज ऐकून मी मोठ्याने शिवी दिली, आनंदाने. पंचांनी वळून पाहिलं. मोना म्हणाली, "आली का वं परत? बरं झालं, नवी पोरगी लय सभ्य होती."

लंचच्या थोडं आधी मोनाने एकीला पुढे खेचलं, बॉल वळला, बॅट चुकली आणि मी बेल्स उडवल्या. त्याच झटक्यात पोटावर गरम लागलं. घामाने पिशवीची कड सुटली होती. पांढऱ्या शर्टावर पिवळं उतरायला लागलं. स्लिपमधली मुलगी धावत मिठी मारायला आली आणि मधेच थांबली. वास तिला आला होता. मी म्हटलं, "आला ना वास? माझाच आहे. ओव्हर संपू दे." दोन बॉल राहिले होते. तेवढे पकडले.

मग किटमधली पिशवी घेऊन महिलांच्या संडासाकडे गेले. कुलूप. फटीतून चुन्याची पोती दिसत होती. शिपाई म्हणाला, चाबी साहेबांजवळ आहे. साहेब आपल्या ऑफिसात पाहुण्यांसोबत नाश्ता करत होते. मी दारात उभी राहिले, शर्ट तसाच. साहेबांच्या हातात समोसा होता. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, समोशाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. सकाळच्या शालीची घडी त्यांच्याच टेबलावर होती.

"दोन मिनिटं थांबा मॅडम," ते म्हणाले, "चाबी आणतो."

ऑफिसच्या आत एक दार होतं. इतकी वर्षं मी ते पाहत होते. मी पाहुण्यांच्या मधून गेले आणि ते उघडलं. आत पांढरी स्वच्छ फरशी, कमोड, नवा साबण, घडी केलेला टॉवेल, आणि कोपऱ्यात मोगऱ्याचा वास सोडणारी डबी. चोवीस तास पाणी. मला त्या पिवळ्या शर्टाची जी किळस आली होती, ती सगळी त्या मोगऱ्याच्या डबीवर गेली. मी शांताबाईंसारखं सावकाश केलं. कोमट पाणीसुद्धा होतं. कडा कोरड्या केल्या, नवी चिकटवली, वरून तळहात दाबून धरला. साहेबांचा टॉवेल वापरला.

बाहेर आले तर लंच झाला होता आणि मोना पोरींना घेऊन व्हरांड्यात उभी होती.

साहेब म्हणाले, "मॅडम, हे ऑफिशियल आहे, पाहुण्यांसाठी."

"मोना," मी म्हणाले, "पोरींना एकेक करून आत पाठव."

"अहो, पण असं कसं..."

"साहेब, मी कॅन्सरले क्लीन बोल्ड केलेली बाई आहे. तुम्हीच माईकवर सांगितलं. बाजूला व्हा."

ते झाले. का झाले मला माहीत नाही, माझ्या भीतीने की शर्टाच्या. पोरींची रांग लागली, आमच्या आणि समोरच्या टीमचीही. पाहुणे प्लेटा घेऊन उठले.

मी दाराशी उकिडवी बसले, स्टंपमागे बसते तशी, म्हणजे कोणाला ते बंद करता येऊ नये. मोना आतून आली, तिने दोन बाटल्या आणल्या होत्या. एक मला दिली. आम्ही इतकी वर्षं एकत्र खेळलो, पण मोनाला दिवसा मैदानावर पाणी पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती घटाघट प्यायली, हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही.

मीही बाटली संपवली. मग दुसरी मागवली.